जखम पुन्हा स्रवू लागली तर

पारोळ्याहून धुळ्यास वा जळगावास जाऊन दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णाची भरलेली जखम महिन्याभराने पुन्हा स्रवू लागल्यास तो नशिबाचा भोग मानू नये. क्षयजंतूंचे काही भाऊबंद माती व नळाच्या पाण्यात वास करतात. उपकरणे रसायनात पुरेसा वेळ न ठेवल्यास, अथवा नंतर साध्या पाण्याने धुतल्यास, ते जखमेत शिरतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना त्यांचा धोका अधिक. क्षयाची नेहमीची औषधे त्यांवर बहुधा निष्प्रभ ठरतात. म्हणून पू प्रयोगशाळेत तपासून, जंतूची जात ओळखूनच उपचार व्हावेत. ते कित्येक महिने चालतात. १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत उपकरणे निर्जंतुक करणे, हा मात्र अवघ्या अर्ध्या तासाचा उपाय आहे.