सीआरपी वाढलाय, आता काय?

२०२१ मधली कोविडची दुसरी लाट आठवते? मोबाइलवर लॅबचा पीडीएफ यायचा, सीआरपी, डी-डायमरचे आकडे वाढलेले दिसायचे आणि घरभर घाबरगुंडी उडायची. ते आकडे नेमकं काय सांगतात, ते आज बघू.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की ते वाढतं. म्हणजे ते विषाणू मोजत नाही, शरीर किती पेटलंय ते दाखवतं. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा. कोविडमध्ये हे दोन्ही खूप वाढले, की आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते.

पण शक्यताच हं! दाढ सुजली तरी सीआरपी वाढू शकतो. म्हणूनच मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं, की सौम्य आजारात या टेस्ट करू नका. भीती होती ती आकडा बघून स्टेरॉइड लवकर सुरू होण्याची. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' अभ्यासात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. त्याच अभ्यासात टोसिलिझुमॅबसाठी दोन अटी होत्या: ऑक्सिजन कमी आणि सीआरपी लिटरमागे किमान ७५ मिलिग्रॅम. नुसता आकडा पुरेसा नव्हता.

मला वाटतं, आपणही हेच धरून चालावं. दम लागत असेल, ऑक्सिजन घसरत असेल, तर रिपोर्टची वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा. आणि माणूस बरा असेल, तर नुसत्या आकड्यावरून मनाने गोळ्या सुरू करू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!