लहर ग्राहकाची, घाई भांडवलाची
(अभ्यासवर्गातील भाषण)



'शहरी माणसाची लहरी खरेदी' असा आजचा विषय मला कळविण्यात आला. इंग्रजी मजकुराचे मराठी करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे प्रथम मी या शब्दापाशीच अडलो. 'लहर' म्हटले की दोष आपोआप ग्राहकाच्या माथी येतो. जणू भाजी आणायला निघालेला माणूस केवळ स्वभावदोषामुळे तीन वस्तू जास्तीच्या घेऊन परततो. ही लहर कोठे आणि कशी घडविली जाते, हे पाहिल्याखेरीज तिच्याविषयी बोलण्यात फारसा अर्थ नाही.

माल तयार झाला म्हणजे भांडवलदाराचे काम संपत नाही. मालाचे पैशात रूपांतर होणे ही त्या मालाची जीवघेणी उडी असते, असे मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) दाखवून दिले. ती फसली तर कामगाराच्या श्रमातून निर्माण झालेले वरकड मूल्य गोदामात पडून राहते. म्हणून वस्तू दृष्टीस पडणे आणि पैसे मोजणे यांच्यामधला विचाराचा अवधी विक्रेत्याला सलत असतो. दुकानदारीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी हा अवधी कापत नेण्याचा इतिहास आहे.

वाण्याच्या दुकानात ग्राहक फळीच्या अलीकडे उभा राही आणि घरून केलेली यादी पुढे करी. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे क्लॅरेन्स साँडर्स याने 'पिग्ली विग्ली' हे दुकान काढून ग्राहकालाच मालाच्या मांडण्यांमधून फिरायला लावले. त्यामुळे नोकरांचा पगार वाचलाच, शिवाय यादीत नसलेली वस्तूही हाताशी आली. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची गाडी आणली. हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी आवरती घेतो, हे त्याने हेरले होते! गल्ल्याजवळ, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चॉकलेटे मांडलेली असतात, तीही याच हिशेबाने.

आपल्याकडे या गोष्टीला एक वेगळा आणि कडवट अर्थ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि जमिनींना सोन्याचा भाव आला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज भव्य मॉल आहे. जुनी चिमणी शोभेसाठी राखली आहे. जेथे माणूस कापड विणून पगार नेत असे, तेथे त्याचा नातू आठवड्याच्या सुटीला वातानुकूलित हवेत फिरतो आणि हप्त्यावर बूट घेऊन बाहेर पडतो. त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघून शहरात बिनपैशाने बसायला जागा उरली आहे कोठे?

मॉललाही मागे टाकले ते हातातल्या फोनने. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. त्याची सोय मी नाकारीत नाही. फेरीवाल्यालाही तिचा उपयोग झाला. परंतु पाकिटातून नोट काढताना, उरलेल्या नोटा मोजताना जो क्षणभर हात थांबत असे, तो आता थांबत नाही. त्यात पडद्यावर घड्याळ उलटे धावते, 'शेवटचे दोन नग' अशी पाटी लुकलुकते. हे इतके वाढले की ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. त्यांत १३ प्रकार नोंदले आहेत. खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाच्या टोपलीत न विचारता वस्तू घालणे, नकार देणाऱ्याला लाजविणे हे त्यांपैकी काही. म्हणजे 'लहरी'चा कारखाना अस्तित्वात आहे, ही गोष्ट सरकारी कागदानेच मान्य केली आहे.

पगार पुरत नाही, तेथे कर्ज पुढे केले जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या विनातारण ग्राहक-कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला. धोका बँकेचा म्हणून मोजला गेला. हप्ता चुकल्यावर ज्या घरात फोन खणखणतो, त्या घराचा जोखीमभार कोणत्याही तक्त्यात नसतो. आणि घरात ठपका कोणावर येतो? बहुधा बाईवर. 'बायकांची हौस' हा शब्दप्रयोग आपल्या काही साथींच्या तोंडीही सहज असतो, हे येथे बोलून दाखविणे भाग आहे.

घाई अर्थातच फुकट येत नाही. दुधाची पिशवी दहा मिनिटांत दारात येते, तेव्हा ग्राहकाचा वाचलेला विचार रस्त्यावरच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर वाचलेला असतो. कंपन्या त्याला 'भागीदार' म्हणतात. नफ्यात मात्र त्याची भागी नाही. २०२५ च्या डिसेंबरअखेर या कामगारांनी संप केला आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर ब्लिंकिटने दहा मिनिटांची जाहिरात मागे घेतली. जाहिरात गेली तरी वेग कमी होईल असे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, अशी तरतूद आहे. ती वसूल होते की नाही, यावर लक्ष ठेवण्याचे काम संघटनांचे आहे.

काही जण यावर साधेपणाचा उपदेश करतात. ज्याच्या घरी पंखा नाही त्याला साधेपणा शिकविणे मला पटत नाही. गरजा वाढणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच की आपली गरज ठरवितो कोण. १९४८ साली मुंबईत नायगावला सुरू झालेला 'अपना बाजार' किंवा १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत यांचा अनुभव येथे तपासण्यासारखा आहे. पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याच्या मालाची मागणी आधी नोंदवितात आणि माल आला की आपसांत वाटून घेतात. मागणी घरी बसून, हिशेब मांडून ठरते. मात्र अशा कामाला नियमित वेळ देणारी माणसे लागतात, आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या वस्तीत ती मिळणे कठीण जाते. ही अडचण आपापल्या शहरांत कशी जाणवते, हे इंदूर, बडोदे आणि हैदराबाद येथून आलेल्या साथींनी आता चर्चेत सांगावे.