शर्यतीच्या मोटारीतील पेट्रोलची टाकी



माहिती खात्याच्या माणसाने, त्यातून कलाशाखेच्या पदवीधराने, मोटारींच्या शर्यतीविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुनी मोटार अंगणात खोलून ती शर्यतीसाठी सजविणाऱ्या हौशी तरुणांचे सारे लक्ष इंजिनाकडे असते; टाकीकडे पाहण्यास त्यांना सवड नसते.

30 मे 1964 रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड यांची मोटार भिंतीवर आदळली. पेट्रोलचा भडका उडाला आणि ते व एडी सॅक्स असे दोघे चालक प्राणास मुकले. त्यानंतर तेथील नियम कडक झाले व टाकीत रबरी पिशवी बसविणे आवश्यक ठरले.

पत्र्याची टाकी आघाताने उसवते. मजबूत कापडावर रबर चढवून केलेली पिशवी दबते, वाकते. सहसा फाटत नाही. तिच्या पोटात स्पंजासारखा सच्छिद्र फोम भरतात. त्यामुळे पेट्रोल हिंदकळत नाही आणि आतील वाफेने पेट घेतलाच तर ज्वालेच्या फैलावास अडथळा होतो. पिशवीभोवती धातूची पेटी, चालक व टाकी यांमध्ये धातूचा पडदा, आणि मोटार उलटली तरी हवेच्या नळीतून पेट्रोल गळू नये म्हणून झडप, अशी ही रचना असते.

मात्र रबर म्हातारे होते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमानुसार अशी पिशवी निर्मितीपासून 5 वर्षेच वापरता येते. निर्मात्याने तपासून दाखला दिल्यास फार तर आणखी 2 वर्षे. स्वस्तात मिळालेल्या जुन्या पिशवीवरील तारीख कोण पाहतो? हौशी मंडळी फसतात ती येथेच.

दुसरी नाजूक जागा जोडांची. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँ यांची मोटार दुभंगली. इंजिनाकडे जाणारी जोडणी पिशवीपासून तुटली, तपासणीचे झाकणही निखळले आणि इंधन बाहेर पडले. चालक सुमारे 27 सेकंदांनी ज्वालांतून बाहेर आला. त्याचे हात भाजले होते. तुटताच आपोआप बंद होणारी जोडणी हवी, ती यासाठी.

आपल्यापैकी फारसे कोणी शर्यतीत उतरणार नाही, हे मी जाणतो. तथापि प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल आणून पडवीत ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोहोचते. घरी गेल्यावर ती बाटली कोठे आहे, तेवढे आज पाहावे.