कोडिंगच्या क्लाससाठी कर्ज मागायला आली तर



बचत गटाच्या बैठकीत बाई कर्ज कशासाठी मागते, हे आपल्याला तोंडपाठ आहे. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना, लेकीचं लग्न. आता त्यात एक नवं कारण आलंय. "मला कोडिंगचा क्लास लावायचाय." मागणारी कधी बारावी झालेली लेक असते, कधी बी.ए. होऊन चार वर्षं घरात असलेली सून. आमच्या गटाकडे गेल्या वर्षी असे दोन अर्ज आले. दोन्ही मोठ्या रकमेचे. तेव्हा आम्ही बरीच चौकशी केली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी कोडिंग म्हणजे काय, ते बघू. आपल्या गटाचा एक नियम घ्या. १० तारखेपर्यंत हप्ता आला नाही, तर दंड. आपल्या सचिवताई वही उघडतात, एकेका बाईचं पान बघतात, तारीख तपासतात, उशीर असेल तर दंड मांडतात आणि पुढचं पान उलटतात. हेच काम संगणकाला समजेल अशा भाषेत लिहून देणं म्हणजे कोडिंग. 'असं झालं तर हे कर' आणि 'सगळ्यांसाठी हेच पुन्हा कर', एवढ्यावर त्याचा पाया उभा आहे. नियम डोक्यात स्पष्ट असणाऱ्या बाईला हे जमू शकतं. चिकाटी मात्र लागते. एक स्वल्पविराम चुकला, तरी दोन तास शोधत बसावं लागतं.

हे काम थोड्या महिन्यांत शिकवून नोकरीला तयार करणाऱ्या क्लासला बूटकॅम्प म्हणतात. अमेरिकेत सैन्यात भरती झालेल्यांच्या सुरुवातीच्या कडक शिक्षणाला हा शब्द आहे. साधारण २०१२ पासून तिकडे सॅन फ्रान्सिस्को शहरात असे कोडिंगचे क्लास निघाले. फक्त बायकांसाठीही निघाले. शिक्षिका, वेटर, दुकानात काम करणारे असे कितीतरी लोक त्यातून नव्या कामाला लागले. म्हणजे ही वाट खरी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण वाटेवर खड्डेही आहेत. अमेरिकेतल्याच एका मोठ्या बूटकॅम्पची गोष्ट ऐका. आधी त्याचं नाव लॅम्ब्डा स्कूल होतं, नंतर ब्लूमटेक झालं. 'आत्ता फी देऊ नका, नोकरी लागली की पगारातून द्या,' असं ते सांगत. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने त्यांच्यावर कारवाई केली. जाहिरातीत १०० पैकी ७१ ते ८६ जणांना नोकरी लागते असं लिहिलं होतं. त्यांच्या स्वतःच्या नोंदीत हा आकडा ५० च्या आसपास होता, काही तुकड्यांत तर ३० पर्यंत खाली. आणि हे कर्ज नाही असं सांगितलं होतं, ते कर्जच निघालं.

आपल्याकडेही तसंच बोलणारे भेटतात. आमच्या सुनेला एका क्लासमधून रोज फोन यायचा. "ताई, आजच पाच हजार भरा, उद्या फी वाढेल. बाकीचे हप्ते पडतील." हप्ते म्हणजे काय, हे आम्ही विचारलं. तर ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज, सुनेच्या नावावर. फी १ लाख २० हजार. वर्षभर महिना साडेअकरा हजार भरायचे, म्हणजे एकूण १ लाख ३८ हजार. क्लास मध्येच सोडला, तरी हप्ता थांबत नाही. पहिली नोकरी १५ हजारांची लागली, तर हातात साडेतीन हजार उरणार. त्यात पुण्यात खोली घेऊन राहायचं कसं?

म्हणून असा कागद समोर आला, तर केएफएस मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्याज, बाकीचे सगळे खर्च आणि एकूण किती परत करायचे, हे कर्ज देणाऱ्याने एका कागदावर मांडून द्यावं लागतं. तोच केएफएस. आणि क्लासने फसवलं असं वाटलं, तर १९१५ हा ग्राहक मदतीचा नंबर लक्षात ठेवा.

मग आम्ही काय केलं? दोघींना नाही म्हटलं नाही. तीन महिने फुकट शिकून बघा, मग अर्ज परत आणा, असं ठरवलं. फुकट शिकायची सोय आहे. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम आहे. त्यात लहान लहान धडे असतात आणि बरेच धडे मराठीतही ऐकायला मिळतात. 'फ्रीकोडकॅम्प'वर सगळं मोफत आहे, पण इंग्रजी वाचावं लागतं. वंचित घरांतल्या मुलींसाठी 'नवगुरुकुल' ही संस्था निवासी अभ्यासक्रम चालवते, तिथे फी नाही.

फुकट धडे मिळाले, पण शिकायला वेळ कुठला? सून सकाळी पाचला उठते. पाणी, डबे, गोठा, मुलं. रात्री दहाला मोबाईल हातात घेतला की डोळे मिटतात. मोबाईलवर कोड लिहिणंही अवघड जातं. तिच्या सासूबाई आमच्याच गटात आहेत. बैठकीत आम्ही त्यांच्याशी मोकळेपणी बोललो. आधी त्या म्हणाल्या, "मशीन घेऊन बसली तर भाकरी कोण करणार?" शेवटी ठरलं, की संध्याकाळी सात ते नऊ सुनेला कोणी हाक मारायची नाही. भाकरी सासूबाई करतील, मुलं धाकट्या जावेकडे. जुन्या लॅपटॉपसाठी गटाने १८ हजारांचं कर्ज दिलं. लॅपटॉप निदान विकता तरी येतो.

तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, माझं यात मन लागत नाही, मला हिशोब आवडतो. आता ती तालुक्याला टॅली शिकते. सून टिकली. आठ महिन्यांत तिने आपल्या गटाच्या पापड-मसाल्यांचं पान तयार केलं. पुण्याच्या एका लहान कंपनीत तिच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरीत राहिली. नोकरी अजून लागलेली नाही. पण डोक्यावर लाखाचं कर्जही नाही, म्हणून ती न घाबरता पुढचा अर्ज भरू शकते.

काळही सोपा नाही, हे लेकी-सुनांना खरं सांगायला हवं. २०२२ च्या शेवटापासून मोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केली. साधा कोड आता एआय लिहून देतं. त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. स्वतः केलेलं काम दाखवावं लागतं आणि ते समजावून सांगता यावं लागतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला, की चार गोष्टी विचारा. तीन महिने फुकट शिकून झालं का? मागच्या तुकडीतल्या दोन मुलींशी क्लासवाल्यांशिवाय, स्वतः फोन करून बोललीस का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी आहे का? आणि चौथा प्रश्न तिच्या घरच्यांना विचारा: रोजचे दोन तास तिला कोण देणार? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सह्या करू नका. शेळीला गोठा लागतो, तसा शिक्षणाला वेळ लागतो. तो आपणच एकमेकींना देऊ शकतो.