बिनकडीचा लगाम

माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल घोड्यावर पेटते. आमच्या गटातल्या एका ताईंची घोडी चारा तोंडात घेई आणि टाकून देई. पाहिलं तर लगामाच्या लोखंडी कडीने जीभ चिरलेली! जनावरांच्या डॉक्टरांचं औषध केलं, जखम भरेपर्यंत धंदा बंद. मग आम्ही बिनकडीचा लगाम घेतला.

हा लगाम तोंडात नाही, नाकावर काम करतो. डोळ्याखालून येणारी गालाच्या हाडाची कड जिथे संपते, तिथून दोन बोटं खाली नाकपट्टी बसवावी. आणखी खाली हाड नाजूक, आणि घोडा श्वास फक्त नाकानेच घेतो. पट्टी रुंद, मऊ हवी. आत दोन बोटं सहज जावीत.

लगेच कुणाला बसवू नका. आधी बंदिस्त जागेत, पायी चालवत थांबणं-वळणं शिकवा. मग आपण बसून पाहा. घोडी थांबली की त्याच क्षणी लगाम सैल सोडा. सतत ओढलं तर नाकावरही जखम होते. कडी काढली, पण ओढणारा हात तोच राहिला, तर घोडीला काय सुख?