वादळी समुद्राचे चित्र



कोरपन्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. अशा गावी उसळत्या लाटेवर फळी घेऊन स्वार झालेल्या माणसाच्या चित्राविषयी बोलायचे म्हटल्यावर आमच्याच युनियनमधील काहींनी नाके मुरडली. चित्रे ही रिकामटेकड्यांची चैन, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा प्रथम त्यांनाच सांगतो की, समुद्र आपणांस परका नाही. गडचांदूर, आवारपूरकडील कारखान्यांची चुनखडी ही शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. भूशास्त्रज्ञ तिला पैनगंगा समूहात घालतात. म्हणजे आपला खाणकामगार रोज समुद्राचा तळच फोडीत असतो!

असे एक चित्र आम्ही युनियनच्या खोलीत टांगले. निळे-काळे जाड फटकारे, मध्येच पिवळा, आणि लाटेच्या पोटाशी वाकलेली एक लालसर आकृती. सुरुंगाच्या कामावरचा एक गडी बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, हे पानी हाय का ढासळती दरड?" आम्हांस या प्रश्नात सगळा अभिव्यक्तिवाद सापडला. समुद्र कसा दिसतो ते फोटोग्राफर सांगेल. तो अंगावर आला म्हणजे काय वाटते, ते या चित्रकारांना सांगायचे असते. दरडीखाली उभे राहिलेल्या माणसाला ते लगेच कळले.

या पंथाची एक मोठी मंडळी 1905 साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे चार तरुणांनी स्थापन केली. त्यांच्यात पुढे काही काळ सामील झालेला एमिल नोल्डे हा समुद्राचा वेडा चित्रकार. नाझींनी 1937 साली असल्या कलेला 'भ्रष्ट' ठरवून तिचे जाहीर धिंडवडे काढले आणि नोल्डेची हजारावर चित्रे संग्रहालयांतून उचलली. विशेष हे की, नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता! मालकाची खुशामत करून नोकरी टिकेल असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता रंगाविषयी, कारण तो आपल्या धंद्याशी जवळचा आहे. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात कालवलेले प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांत रंगाची पूड. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते. हा रंग पाणी गमावून घट्ट होतो, आणि एकदा धरला की पुन्हा पाण्याने विरघळत नाही. पातळ थर काही मिनिटांत सुकतो, म्हणून हात चालवायचा तो झपाट्याने, आणि म्हणूनच त्या फटकाऱ्यांत चित्रकाराची घाई जशीच्या तशी गोठून राहते. तेलरंगाला अशी घाई नसते. कापडावर आधी जो पांढरा लेप देतात त्यात बहुधा चुनखडीची पूड असते, हेही सांगून ठेवतो. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारा हा रंग 1950 नंतरच्या दशकात बाजारात आला. त्याआधी मेक्सिकोचा सिकेरॉस मोटारींना लावायचा रंग भिंतींवर वापरीत असे. हा गडी खाणकामगारांच्या संघटना बांधणारा होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो!

आपल्याकडे 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप निघाला. त्यातला के. एच. आरा हा घरकाम करून, मोटारी धुऊन पोट भरलेला माणूस. रझा हा मंडला जिल्ह्यातल्या जंगलातला, नागपुरात चित्रकला शिकलेला. रिकामटेकडे कोण, ते तुम्हीच ठरवा.

राहता राहिली वेळ. ज्याला बारा तास कंत्राटी पाळी करावी लागते, त्याने चित्र पाहावे केव्हा? कामाचे तास हा आमच्या मागणीपत्रातला जुना मुद्दा. त्यात चित्रे पाहण्याचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो.

जाता जाता एक गंमत. इंग्लंडच्या टर्नरने 1842 साली वादळात सापडलेल्या आगबोटीचे चित्र मांडले, तेव्हा कोणी त्याला साबणाचा फेस आणि चुन्याचा रंग म्हणून हिणवले. त्या गृहस्थाने चुना कधी हाताने कालवला नसावा.