निळ्या पाटीमागची देखरेख

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे ती खेडोपाडी पोहोचली. पण तिच्या उंच पायऱ्यांपाशी अपंग प्रवासी दुसऱ्याच्या आधाराची वाट पाहत उभाच राहिला. त्याला तिकिटात सवलत मिळाली, चढण्याची सोय मात्र राहून गेली. सवलत कागदावर देता येते, हे त्याचे कारण असावे!

२०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने हे चित्र कायद्यापुरते तरी पालटले. त्याच्या ४१व्या कलमानुसार बसथांबे, रेल्वेस्थानके व विमानतळ येथील वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि तिकीट खिडक्या सुगम करणे हे शासनाचे दायित्व ठरले. अधिनियमाच्या पहिल्या भंगास दहा हजारांपर्यंत, पुढील भंगास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. उणीव नियमांत होती. २०१७च्या नियमावलीतील पंधराव्या नियमाखालील मानके प्रत्यक्षात शिफारशींसारखीच होती. दृष्टिबाधित राजीव रतूडी यांच्या २००५ सालच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी हा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक मानके आखण्यास सांगितले. एकोणीस वर्षे!

आता प्रश्न देखरेखीचा. चालकाने गाडी थांब्यापासून दोन हात दूर उभी केली, तर उतरता फलाट निरुपयोगी ठरतो. वाहनतळावरील चाकाच्या खुर्चीच्या निळ्या पाटीखाली धडधाकट माणसाची दुचाकी उभी असते, आणि ती हटविण्याचे काम नेमके कोणाचे, हे तेथील पहारेकऱ्यालाही कोणी सांगितलेले नसते.